रोड सायकलसाठी हलके ब्रेक कसे निवडावेत: सह्याद्रीच्या घाटांत फिरणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढवतो. सायकलस्वार या चढावर सरासरी २०० वॅट शक्ती लावतो असे धरले, तर ब्रेकमधून १५० ग्रॅम वजन कमी केल्यामुळे त्याचा वाचणारा वेळ जेमतेम ४ सेकंद भरतो. हिशेब सोपा आहे. ०.१५ किलोला ९.८ ने आणि ५५० मीटरने गुणले की सुमारे ८१० जूल येतात आणि त्यांना २०० ने भागले की सेकंद मिळतात. हे गणित आरंभीच मांडण्याचे कारण असे, की हलके ब्रेक घेणाऱ्याला आपण नेमके काय विकत घेत आहोत हे ठाऊक असावे. त्याच घाटातून खाली येताना ८५ किलोचे एकत्रित वजन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या अंगी सुमारे ८,२०० जूल गतिज ऊर्जा असते आणि वळणावर अचानक एखादा टेम्पो आडवा आला, तर ती सगळी काही सेकंदांत ब्रेकलाच जिरवावी लागते. चढावर चार सेकंद देणारा भाग उतारावर चार मीटर अधिक लांब थांबवत असेल, तर तो सौदा करू नये.

याचा अर्थ हलक्या ब्रेकच्या वाटेलाच जाऊ नये असा नाही. उत्तम घडणीचा हलका ब्रेक हा कमी धातूतून अधिक ताठपणा काढण्याचा कौशल्याचा नमुना असतो, आणि ज्याने सायकल एकेक भाग जोडून मनासारखी उभी केली आहे त्याला त्याचे मोल कळते. आग्रह एवढाच आहे, की वजन हा निवडीचा अखेरचा निकष असावा. सायकलच्या सांगाड्याला काय बसते, रिम (टायर धरणारे चाकाचे कडे) कोणती आहे, टायर किती रुंद आहे, हँडलवरचे ब्रेक लिव्हर कोणत्या पिढीचे आहेत आणि पॅड (घासून चाक थांबवणारे ब्रेकचे तुकडे) कोणते लागतील, हे पाच प्रश्न सुटल्यावर जे पर्याय उरतात त्यांतला हलका निवडावा. ही क्रमवारी उलटी केली, म्हणजे आधी हलका ब्रेक घेऊन मग तो सायकलला बसवण्याची खटपट केली, तर खर्च वाया जातो आणि कधी कधी धोकाही पदरी पडतो.

पहिली पायरी: सायकल काय स्वीकारते ते मोजून घेणे

सांगाडा रिमवर पॅड दाबणाऱ्या रिम ब्रेकचा आहे की चाकाच्या मध्याजवळच्या तबकडीवर पॅड दाबणाऱ्या डिस्क ब्रेकचा, हा पहिला फाटा. रिम ब्रेकच्या फोर्कवर (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर) डिस्कचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, बसवण्याची सोय नसते, आणि डिस्कच्या सांगाड्यावर सहसा रिम ब्रेकचे भोक नसते. त्यामुळे एका प्रकारातून दुसऱ्यात जाणे म्हणजे बहुधा नवी सायकल घेणेच होय. हातात असलेली सायकल ज्या प्रकारची आहे, त्याच प्रकारात हलकेपणा शोधावा.

रिम ब्रेकचा सांगाडा असेल, तर बोल्टची भोके पाहावीत. फोर्कच्या माथ्यावर मधोमध एकच भोक असेल, तर नेहमीचा एका बोल्टचा कॅलिपर लागतो. दोन्ही बाजूंना एकेक असे दोन बोल्ट असतील, तर तो डायरेक्ट माउंट प्रकार आहे आणि त्याचे कॅलिपर वेगळे येतात. हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

त्यानंतर रीच मोजावा. चाक जागेवर बसवून फोर्कच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ज्या पट्टीवर पॅड घासतो तिच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे, आणि मागच्या चाकाचेही असेच स्वतंत्र मोजावे, कारण दोन्ही अंतरे सारखी असतीलच असे नाही. शर्यतीच्या धाटणीच्या बहुतेक सायकलींना ३९ ते ४९ मिलिमीटरचा शॉर्ट रीच कॅलिपर लागतो, तर लांब पल्ल्याच्या, मडगार्ड बसवता येणाऱ्या सायकलींना बहुधा ४७ ते ५७ मिलिमीटरचा. हे माप फार महत्त्वाचे आहे, कारण बाजारातले जवळजवळ सगळे अतिहलके कॅलिपर शॉर्ट रीचचेच असतात. ज्याच्या सायकलीचे माप ५२ मिलिमीटर आले त्याच्यासाठी त्या झगमगीत यादीतले बहुतेक ब्रेक बाद होतात, आणि हे पैसे भरण्याआधी कळलेले बरे. कॅलिपरच्या भुजेतली, पॅड जिथे बसतो ती खाच घासून लांब करून अडीच-तीन मिलिमीटर मिळवण्याचा उद्योग कुणी सुचवला, तरी तो करू नये. भुजेच्या ज्या टोकावर सर्वांत जास्त ताण येतो, तिथलाच धातू त्यात कमी होतो.

टायरची रुंदी हा पुढचा मुद्दा. जुन्या हलक्या कॅलिपरांची रचना २३ मिलिमीटरच्या टायरसाठी झाली होती आणि त्यांतून २५ चा टायर कसाबसा जातो. आपल्याकडच्या रस्त्यांवर आता बहुतेकांनी २८ मिलिमीटरचा टायर स्वीकारला आहे, आणि तो योग्यच आहे. शिमानो या जपानी कंपनीचे ड्युरा-एस आर९१००, अल्टेग्रा आर८००० आणि १०५ आर७००० या मालिकांतले कॅलिपर २८ मिलिमीटरच्या टायरला जागा देतात. अलीकडच्या रिमा आतून रुंद असल्यामुळे २८ लिहिलेला टायर हवा भरल्यावर ३० पर्यंत फुगू शकतो, म्हणून टायरवरच्या आकड्यावर न जाता व्हर्नियर मापपट्टीने प्रत्यक्ष रुंदी मोजावी. पावसाळी घाटात टायरला चिकटलेला चिखल आणि बारीक खडी यांनाही वाट हवी, म्हणून टायर आणि कॅलिपरमध्ये किमान तीन-चार मिलिमीटर मोकळे राहतील असे पाहावे.

लिव्हर कोणत्या पिढीचे आहेत, हा प्रश्न पुष्कळदा विसरला जातो. लिव्हर दाबल्यावर किती तार ओढली जाते आणि कॅलिपरला किती तार लागते, यांचे प्रमाण जुळावे लागते. शिमानोने ड्युरा-एस ७९००, अल्टेग्रा ६७०० आणि १०५ ५७०० या मालिकांपासून लिव्हरची तार ओढण्याची लांबी वाढवली. नवा लिव्हर आणि जुना कॅलिपर अशी जोडी केली, तर पॅड झटकन रिमला टेकतात, लिव्हर हाताला घट्ट लागतो आणि दाब मात्र कमी मिळतो. उलट जोडीत लिव्हर मऊ लागतो आणि पॅड जरा झिजले की तो हँडलबारला टेकण्याइतका आत येतो. पहिल्या जोडीत भुलण्याचा संभव अधिक आहे, कारण दुकानात उभ्या सायकलीवर घट्ट लिव्हर भरवशाचा वाटतो. आपल्या लिव्हरचा क्रमांक त्याच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो टिपून घ्यावा आणि कॅलिपरच्या निर्मात्याच्या जुळणीच्या तक्त्यात शोधावा.

दुसरी पायरी: वजन कुठून कमी केले आहे ते ओळखणे

कॅलिपर हलका करण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत असते. पहिला मार्ग म्हणजे भुजांमधला धातू कोरून काढणे. तो कुशलतेने केला, म्हणजे जिथे ताण कमी आहे तिथलाच धातू काढला, तर ताठपणा फारसा कमी होत नाही. कॅम्पाग्नोलो या इटालियन कंपनीच्या ब्रेकच्या, हाडांच्या सापळ्यासारख्या कोरलेल्या भुजा या प्रकारातल्या. दुसरा मार्ग म्हणजे पोलादी बोल्ट काढून टायटॅनियमचे घालणे. यात ताकद पुरेशी राहते, पण खर्च वाढतो. तिसरा मार्ग म्हणजे भुजा कार्बनच्या करणे. चौथा मार्ग म्हणजे रचनाच बदलणे, उदाहरणार्थ दोन पिव्हटऐवजी (भुजा ज्यांभोवती फिरतात त्या खिळांऐवजी) एकच पिव्हट ठेवणे. पाचवा मार्ग म्हणजे सोयी काढून टाकणे. चाक काढताना कॅलिपर उघडणारी कळ, हाताने फिरवायचा तार-समायोजक आणि मध्य साधण्याचा स्क्रू हे भाग वगळले की काही ग्रॅम वाचतात.

ताठपणाचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण ब्रेकची गुणवत्ता प्रामुख्याने तिथेच ठरते. लिव्हर दाबल्यावर बोटांची हालचाल तीन ठिकाणी खर्च होते: पॅड रिमपर्यंत नेण्यात, पॅडचे रबर दाबण्यात आणि भुजा व तारेचे आवरण वाकवण्यात. यातला तिसरा वाटा निव्वळ वाया जातो. भुजा लवचिक असेल, तर अधिक दाबूनही दाब त्या प्रमाणात वाढत नाही आणि लिव्हर स्पंजासारखा लागतो. शिवाय फिरणारी रिम पॅडला पुढे खेचते, त्यामुळे अशक्त भुजा पिळली जाते आणि ब्रेक किंचाळतो किंवा थरथरतो. ब्रेक हातात घेऊन पाहता येत असेल, तर दोन्ही पॅडधारक बोटांनी पुढे-मागे हलवून पाहावेत. पिव्हटमध्ये ढिलेपणा जाणवला, तर तो ब्रेक कितीही हलका असला तरी घेऊ नये.

दोन पिव्हटचा कॅलिपर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रोड सायकलींत रूढ झाला आणि त्यामुळे कमी बोटांत अधिक दाब मिळू लागला. पुढच्या चाकासाठी हीच रचना घ्यावी. मागच्या चाकाचे मात्र वेगळे आहे. जोराने ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होते आणि थोड्याच दाबात घसरू लागते, म्हणजे मागच्या ब्रेकची ताकद एका मर्यादेपलीकडे वापरताच येत नाही. हे ओळखून कॅम्पाग्नोलोने पुढे दोन पिव्हटचा आणि मागे एका पिव्हटचा हलका कॅलिपर अशी जोडी अनेक वर्षे दिली. माझ्या मते ग्रॅम वाचवण्याचा हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. ज्याला खर्च मर्यादित ठेवून वजन कमी करायचे आहे, त्याने पुढचा ब्रेक भक्कम ठेवावा आणि हलकेपणाचा प्रयोग मागे करावा. कोणता ब्रेक कोणत्या हाताला जोडला आहे हेही या निमित्ताने तपासावे. मोटारसायकलची सवय असलेल्या आपल्याकडच्या स्वारांना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असणे सोयीचे जाते, पण परदेशातून आणलेल्या सायकलींत तो पुष्कळदा डाव्या हाताला असतो.

तिसरी पायरी: आकडे समोर ठेवणे

शिमानोच्या १०५ आर७००० कॅलिपरांची जोडी सुमारे ३८० ग्रॅम भरते, अल्टेग्रा आर८००० ची सुमारे ३६० आणि ड्युरा-एस आर९१०० ची सुमारे ३२५. म्हणजे मधल्या श्रेणीतून थेट सर्वोच्च श्रेणीत गेल्यावर वाचतात ते अवघे ५५ ग्रॅम, म्हणजे बाटलीतल्या दोन-तीन घोट पाण्याइतके वजन. त्याच्या आधीची ड्युरा-एस ९००० ची जोडी ३०० ग्रॅमच्या आत-बाहेर होती आणि जुन्या बाजारात अजूनही मिळते. खरा फरक पडतो तो विशेष निर्मात्यांच्या ब्रेकने. केन क्रीकच्या ईई-ब्रेकची जोडी २०० ग्रॅमच्या आत बसते. तिच्या भुजा दिसायला किरकोळ असल्या, तरी रचना ताठपणा राखणारी आहे आणि चाक काढण्यासाठी उघडण्याची कळही तिच्यात ठेवलेली आहे. टीएचएमचा कार्बनचा फिब्युला पॅडशिवाय सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आहे, पण तिथे किंमत अशी आहे की त्या पैशांत चांगली चाके येतात, आणि चाके बदलण्याचा लाभ अधिक जाणवतो.

जाहिरातीतला आकडा पॅड आणि बोल्ट धरून आहे की वगळून, हे पाहिल्याशिवाय दोन ब्रेकांची तुलना करू नये. पॅड, पॅडधारक, बोल्ट आणि नट यांचे मिळून बरेच ग्रॅम सहज होतात आणि तेवढ्यातच तुलना उलटीपालटी होते. आपल्या सायकलीचा आत्ताचा ब्रेक काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर संपूर्ण तोलावा. नव्या ब्रेकचे वजन त्याच पद्धतीने धरून किमतीतल्या फरकाला वाचणाऱ्या ग्रॅमने भागावे. एका ग्रॅमला किती रुपये पडतात हा आकडा कागदावर आला, की निर्णय पुष्कळसा आपोआप होतो. हाच भागाकार टायर, ट्यूब, सॅडल आणि चाके यांच्यासाठीही करून पाहावा. अनेकांच्या बाबतीत ब्रेकचा क्रम बराच खाली येतो. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाचा २००० सालापासूनचा नियम आहे. त्यामुळे तिथल्या संघांना ब्रेकमधून अखेरचा ग्रॅम काढण्याची गरजही उरत नाही.

ऑनलाइन बाजारात नाव नसलेले, यंत्रावर कोरलेले, १८०-२०० ग्रॅमचे आणि आश्चर्यकारक स्वस्त कॅलिपर दिसतात. त्यांच्यासोबत टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा याचे) आकडे, जुळणीचा तक्ता आणि सुटे भाग मिळण्याची हमी नसेल, तर ते घेऊ नयेत. जुना पण नामांकित कॅलिपर वापरलेला घेणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे. मात्र तो घेताना मधल्या बोल्टचे आटे, भुजांच्या बेचक्यातल्या केसाएवढ्या चिरा, स्प्रिंगचा जोर आणि पिव्हटमधला ढिलेपणा उजेडात तपासून घ्यावा. कार्बनच्या भुजांचा ब्रेक मात्र वापरलेला घेऊ नये, कारण आतली इजा बाहेरून दिसत नाही.

चौथी पायरी: पॅड आणि रिम यांची जोडी

थांबण्याच्या ताकदीत कॅलिपरइतकाच, किंबहुना पावसात त्याहून अधिक, वाटा पॅडचा असतो. सायकलच्या दुकानांत ज्याला ब्रेक रबर किंवा गट्टू म्हणतात तो हा छोटा तुकडा बदलला, की साधा कॅलिपरही वेगळा वाटू लागतो. हलका कॅलिपर आणि त्याच्यासोबत आलेले कडक, स्वस्त पॅड ही सर्वांत वाईट जोडी समजावी.

ॲल्युमिनियमच्या रिमसाठी शिमानोचे आर५५सी४ हे भरवशाचे पॅड आहेत. कूल-स्टॉपचे सामन (गुलाबी-नारिंगी) रंगाचे पॅड ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी प्रसिद्ध आहेत आणि जून ते सप्टेंबरमध्ये सायकल चालवणाऱ्याने ते जरूर विचारात घ्यावेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात रिमवर पाण्याचा थर असतो आणि पॅडला आधी तो पुसून काढावा लागतो, म्हणून दाब दिल्यावर पहिले काही क्षण काहीच घडत नाही आणि मग एकाएकी पकड येते. चांगल्या पॅडने हा उशीर कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यामुळे वळणाच्या पुष्कळ आधी पॅड हलके टेकवून रिम पुसून घेण्याची सवय लावावी.

कार्बनच्या रिमला कार्बनसाठीचेच पॅड लागतात आणि शक्यतो रिमच्या निर्मात्याने सांगितलेलेच वापरावेत. ॲल्युमिनियमच्या रिमवर वापरलेले पॅड कार्बनवर कधीही लावू नयेत, कारण त्यांत रुतलेले धातूचे कण रिमची पट्टी खरवडतात. कार्बन उष्णता लवकर पसरू देत नाही, त्यामुळे लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला तर पट्टीचा पृष्ठभाग तापतो, कार्बनचे धागे बांधून ठेवणारे रेझिन मऊ पडते आणि टायर धरून ठेवणारी कड फाकू शकते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना जवळजवळ १,३०० मीटर उंची खाली येते आणि ८५ किलोसाठी ही स्थितिज ऊर्जा सुमारे ११ लाख जूल होते. तिचा मोठा भाग हवा जिरवते हे खरे, पण पावसात, धुक्यात आणि आखूड वळणांवर वेग कमी ठेवावा लागतो तेव्हा ब्रेकचा वाटा वाढतो. कार्बन रिम आणि रिम ब्रेक घेऊन असा घाट पावसाळ्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मोसमासाठी ॲल्युमिनियमच्या चाकांचा वेगळा जोड ठेवावा आणि चाके बदलताना पॅडही बदलावेत.

पाचवी पायरी: डिस्कच्या सायकलीत ग्रॅम कुठे शोधावेत

आंतरराष्ट्रीय महासंघाने रोड शर्यतींत डिस्क ब्रेकला २०१८ च्या जुलैपासून पूर्ण मान्यता दिली आणि त्यानंतर नव्या सायकलींत रिम ब्रेक मागे पडत गेला. डिस्कची सायकल तशाच रिम ब्रेकच्या सायकलीपेक्षा सहसा काही शे ग्रॅम जड असते. ते भरून काढण्यासाठी पातळ, जाळीदार, अतिहलक्या रोटरकडे (चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीकडे) लक्ष जाते आणि तिथेच सर्वांत जास्त सावध राहायला हवे.

कारण पुन्हा गणितातच आहे. ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबताना पुढच्या ब्रेकवर सुमारे तीन चतुर्थांश भार, म्हणजे ६,००० जूलांहून थोडा अधिक, येतो असे धरू. ११० ग्रॅमच्या पोलादी रोटरमध्ये ही सगळी ऊर्जा गेली, तर त्याचे तापमान एका दमात सुमारे ११० अंशांनी वाढते. रोटर ८० ग्रॅमचा केला, तर तीच वाढ दीडशे अंशांवर जाते. ४५० ग्रॅमच्या ॲल्युमिनियम रिमचे तापमान मात्र तेवढ्याच ऊर्जेने सरासरी १५ अंशांच्या आसपास वाढते. रोटरमधला धातू म्हणजे उष्णता साठवण्याची जागा आहे आणि ती कमी केली की रोटर वाकडा होणे, पॅड चकाकून पकड सुटणे आणि तेल तापणे ही संकटे जवळ येतात. एकत्रित वजन ८० किलोच्या पुढे असेल किंवा घाटांत नेहमी जाणे असेल, तर पुढे १६० मिलिमीटरचा रोटर ठेवावा. हलक्या स्वाराने मागे १४० चा ठेवून थोडे ग्रॅम वाचवायला हरकत नाही. रोटर मधल्या एकाच कड्याने आवळणाऱ्या सेंटर लॉकच्या हबला (चाकाच्या तुंब्याला) सहा बोल्टचा रोटर ॲडॅप्टर लावून बसवता येतो, पण तो ॲडॅप्टर स्वतः वजन वाढवतो, म्हणून हबच्या प्रकाराचाच रोटर घ्यावा.

तारेवर चालणाऱ्या डिस्ककडून तेलाच्या डिस्ककडे जाणे हा मात्र बहुधा लाभाचा बदल असतो, कारण ताकद आणि नियंत्रण दोन्ही वाढतात. त्यासाठी लिव्हरही बदलावे लागतात, हे खर्चात धरावे. शिमानोच्या ब्रेकांत मिनरल ऑइल आणि स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या बहुतेक रोड ब्रेकांत डॉट तेल (मोटारींत असते तसे ब्रेक फ्लुइड) असते. एकात दुसरे घातले तर आतली रबरी सील खराब होते. डॉट तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून कोकणपट्टीच्या दमट हवेत ते बदलण्याचे वेळापत्रक काटेकोर पाळावे. चिखलाच्या पावसात रेझिनचे पॅड लवकर झिजतात आणि सिंटर्ड धातूचे अधिक टिकतात, परंतु ज्या रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी अशी सूचना कोरलेली असते त्यावर धातूचे पॅड लावू नयेत.

सहावी पायरी: बसवणे

निवडलेला रिम ब्रेक घरी बसवायचा असेल, तर ५ आणि ४ मिलिमीटरची एलन की, तार कापण्याची धारदार पक्कड, थोडे ग्रीस आणि टॉर्क पाना एवढे साहित्य हवे. टॉर्क पान्यावाचून हलके ब्रेक बसवू नयेत. त्यांचे आटे बारीक आणि भिंती पातळ असतात आणि हाताच्या अंदाजाला तिथे वाव नसतो.

पुढच्या ब्रेकचा बोल्ट लांब आणि मागच्याचा आखूड असतो, ते आधी ओळखून घ्यावेत. बोल्टच्या आट्यांना पातळ ग्रीस लावावे. बोल्ट टायटॅनियमचा असेल, तर आटे एकमेकांना जखडू नयेत म्हणून त्यासाठीची खास पेस्ट लावावी. फोर्कच्या मागून आत जाणारा नट किमान सहा पूर्ण फेरे बोल्टवर चढला पाहिजे. या ६ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असल्याने सहा फेरे म्हणजे बोल्टच्या जाडीइतकी पकड होते. तेवढे फेरे बसत नसतील, तर लांब नट आणावा, तो वेगवेगळ्या लांबीत मिळतो. शिमानोच्या कॅलिपरसाठी या नटाचा टॉर्क ८ ते १० न्यूटन-मीटर आहे, तार आवळण्याच्या बोल्टचा ६ ते ८ आणि पॅडच्या बोल्टचा ५ ते ७. इतर निर्मात्यांचे, विशेषतः कार्बनच्या ब्रेकांचे, आकडे वेगळे असतात आणि त्यांच्याच कागदावरून घ्यावेत. मधल्या मुख्य बोल्टच्या जागी ॲल्युमिनियमचा बोल्ट लावून आणखी दोन-चार ग्रॅम वाचवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मानू नये, कारण तो बोल्ट तुटला तर ब्रेक चाकात जातो.

पॅड लावताना त्यावरच्या डाव्या-उजव्या खुणा पाहाव्यात. ज्या पॅडधारकात रबर सरकवून बसवलेले असते, त्याचे उघडे तोंड नेहमी सायकलीच्या मागच्या बाजूला असले पाहिजे. ते पुढे राहिले, तर ब्रेक दाबताच फिरणारी रिम रबर बाहेर ओढून काढते. पॅडची वरची कड रिमच्या कडेच्या साधारण १ मिलिमीटर खाली असावी. ती टायरला घासत असेल, तर एकाच उतारात टायरची बाजू कापली जाते. पॅडचे पुढचे टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आधी रिमला टेकेल असा किंचित तिरकेपणा ठेवला, की किंचाळणे थांबते. त्यासाठी पॅडच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची घडी धरून बोल्ट आवळावा.

तार आणि तिचे आवरण नवेच घालावे, कारण जुन्या, गंजलेल्या आवरणातले घर्षण महागड्या कॅलिपरचा सगळा गुण खाऊन टाकते. रोड लिव्हरसाठी तारेचे टोक नाशपातीच्या आकाराचे असते. डोंगरी सायकलीच्या तारेचे गोल टोक त्यात बसत नाही. आवरण काटकोनात, चेपल्याशिवाय कापावे, आतले प्लॅस्टिकचे तोंड टोकदार सुईने मोकळे करावे आणि टोपी बसवावी. ॲल्युमिनियमच्या मण्यांचे जोड-आवरण साध्या आवरणापेक्षा हलके आणि दाबाखाली अधिक ताठ असते. वजन घटवून ब्रेक सुधारणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक आहे आणि कॅलिपरच्या मानाने स्वस्तही आहे. मात्र गियरची तार ज्यातून जाते ते उभ्या तारांचे आवरण ब्रेकला कदापि वापरू नये, कारण ब्रेकच्या दाबाखाली ते फाटते.

सातवी पायरी: रस्त्यावर नेण्याआधी आणि नंतर

सायकल उभी असतानाच दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबावेत. तार सरकली किंवा आवरण बसले, तर ते इथेच कळते आणि मग तार पुन्हा ताणून आवळता येते. पूर्ण दाबलेला लिव्हर आणि हँडलबार यांत दोन बोटांचे अंतर उरले पाहिजे. त्यानंतर मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगावरून हळूहळू जोर वाढवत वीसेक वेळा थांबावे. नवे पॅड आणि रिम, किंवा नवे पॅड आणि रोटर, एकमेकांना बसण्यासाठी हे आवश्यक असते. पहिली घाटसफर ओळखीच्या आणि लहान उतारावर करावी. खाली आल्यावर रिमा आणि बोल्ट तपासावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे टॉर्क पुन्हा पाहावेत.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाआधी दोन्ही लिव्हर जोराने दाबून वेग उतरवावा आणि मधल्या सरळ पट्ट्यात पूर्ण सोडावेत, म्हणजे रिमला किंवा रोटरला निवण्यास वेळ मिळतो. पॅडवरची झीज ओळखण्याची खाच दिसेनाशी झाली की पॅड बदलावा. ॲल्युमिनियमचे चमकणारे कण पॅडमध्ये रुतले असतील, तर ते टाचणीने काढून बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग साफ करावा. रिमच्या पट्टीवरची झिजेची खूण नाहीशी झाली असेल, किंवा पट्टीवर फूटपट्टी आडवी धरल्यावर मध्ये स्पष्ट खळगा दिसत असेल, तर रिम बाद करावी, कारण हवेच्या दाबाने तिची भिंत फुटू शकते. शिमानोचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ वर आला की तो बदलायचा असतो. पावसाळा संपला की तार लिव्हरच्या टोकाशी बाहेर काढून पाहावी. तिचे धागे पहिल्यांदा तुटतात ते तिथेच, आवरणाच्या आत, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, आणि एक जरी धागा तुटलेला आढळला तरी संपूर्ण तार बदलावी.